शेजारच्या आजोबांनी भरलेली वीस काडतुसं

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखक मूळचे सिंधुदुर्गातले, गेली नऊ वर्षं अमेरिकेत, कोलोराडोत. घरी आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, पण स्वतः त्यांनी कधी बार उडवला नव्हता. इथे आल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, आणि यंदा ऑक्टोबरअखेरच्या हंगामासाठी सोडतीत एल्क या मोठ्या हरणाच्या मादीचं लायसन्स लागलं. थर्टी-ऑट-सिक्स (.30-06) या मापाच्या काडतुसाची एक वापरलेली रायफल घेतली. शेजारचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ चाळीस वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. त्यांनी वीस काडतुसांची डबी प्रेमानं हातात ठेवली. गोळी १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), बंदुकीची दारू ‘पुस्तकापेक्षा किंचित जास्त’, त्यांच्या रायफलीतून शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा गट एका इंचात. पत्रलेखक विचारतात: दुकानातलं काडतूस सरासरी दर्जाचं असतं म्हणतात, मग ही वापरावीत का? नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. की आपणच प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र, आणून भरायला लागावं? हंगामाला अडीच महिने आहेत. मांस घरी खायचं आहे आणि घरात सहा वर्षांची मुलगी आहे.

उत्तर:

आधी उत्तर देऊन टाकतो, मग बाकीचं बोलू. त्या डबीतलं एकही काडतूस तुमच्या रायफलीत घालू नका.

शेजारच्या आजोबांच्या हातावर मला शंका नाही. चाळीस वर्षं भरणाऱ्या माणसाचा हात बहुधा माझ्याहून चांगला असेल. पण ती काडतुसं त्यांच्या रायफलीची आहेत. दोन्ही नळ्यांवर एकच नाव कोरलेलं असलं तरी तुमची रायफल वेगळी.

आपल्याकडे ‘घरचं’ हा शब्द प्रमाणपत्रासारखा वापरतात. घरचं तूप, घरचा मसाला, घरचा फराळ. तुमच्या पत्रातही तो सूर आहे: माणसानं हातानं, मन लावून केलेलं ते यंत्रातून धडाधड पडणाऱ्यापेक्षा सरस असणारच. चकलीच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. पण चकली बिघडली तर मऊ पडते, एवढंच. थर्टी-ऑट-सिक्सच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत, बार उडताना दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या गाडीच्या चाकात तो ३५च्या आसपास असतो. आणि हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर घडतं.

काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, दारू पेटवणारा प्रायमर, आत दारू, तोंडाशी गोळी. बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते, चेंबरच्या भिंतींना जाऊन चिकटते, मग किंचित आक्रसून सुटते. त्यामुळे बाहेर येताना ती त्या चेंबरचा ठसाच अंगावर घेऊन येते. घरी भरणारे लोक तीच पुंगळी पुन्हा वापरतात. काही जण ती डाय नावाच्या साच्यात पूर्ण दाबून मूळ मापावर आणतात. काही जण फक्त मान दाबतात आणि अंग तसंच राहू देतात, कारण मग पुंगळी आपल्या चेंबरमध्ये शिंप्यानं बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते आणि गोळ्या जवळजवळ पडतात. तुमच्या शेजाऱ्यांचा एका इंचाचा गट असाच आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. आता दुसऱ्याच्या मापाचा सदरा तुम्हाला होईल की नाही, हे घालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी घालून पाहिलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्नेह्यानं अशीच डबी दिली होती. रेंजवर पहिली दोन काडतुसं मुकाट गेली. तिसऱ्याला बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून चेंबर बंद करणारा दांडा, अर्ध्यावर अडला. मी मूर्खासारखा तळहातानं ठोकून तो बंद केला, मग बार उडवायची छाती होईना आणि बोल्ट उघडेनासा झाला. रायफल दगडी भिंतीकडे तोंड करून तशीच धरून वीस मिनिटं बसलो, शेवटी रेंजच्या माणसानं ती सोडवली. त्या वेळी समोर कागद होता. पहाटे बर्फात, चार तास चढून गेल्यावर समोर कळप उभा असताना हे झालं असतं तर?

मापाचा दुसरा भाग गोळी किती खोल बसवलीय हा. जुने हौशी भरणारे गोळी नळीतल्या आट्यांच्या (आतल्या पिळदार कंगोऱ्यांच्या) अगदी जवळ येईल इतकी बाहेर ठेवतात. पण ते अंतर प्रत्येक रायफलीत वेगळं. त्यांच्याकडे जी गोळी आट्यांपासून केसभर लांब आहे, ती तुमच्याकडे आट्यांत रुतून बसू शकते. आणि रुतलेल्या गोळीनं सुरुवात झाली की दाब वाढतो. त्यात ‘पुस्तकापेक्षा किंचित जास्त’ दारू. त्या ‘किंचित’नं माझी झोप उडवली, खरं सांगतो. भरणीच्या पुस्तकात प्रत्येक दारूचं सुरुवातीचं वजन आणि कमाल वजन दिलेलं असतं. खालून सुरुवात करायची, थोडं थोडं वाढवत जायचं आणि दर टप्प्यावर पुंगळी उन्हात धरून बघायची: प्रायमर चपटा पडलाय का, बुडावर चकचकीत ओरखडा उमटलाय का, बोल्ट उचलायला जड जातोय का. शेजाऱ्यांनी हे सगळं इमानानं केलं असेल, पण त्यांच्याच रायफलीत. शिवाय सैन्याच्या जुन्या पुंगळ्यांचं पितळ सहसा जाड असतं, आत जागा कमी उरते, आणि तेवढ्याच दारूनं दाब चढतो. त्यांनी कुठल्या वापरल्या?

डबीवरची चिठ्ठी बघा. तुम्ही लिहिलंय की तिच्यावर फक्त ‘१८०, एल्क’ एवढंच आहे. त्यांना तेवढं पुरतं, बाकी सगळं त्यांच्या डोक्यात आणि वहीत आहे. माझ्या मते दुसऱ्याला द्यायच्या डबीवर दारूचं नाव आणि वजन, प्रायमर, पुंगळी कुणाची आणि कितव्यांदा भरलेली, गोळी कुठली, काडतुसाची एकूण लांबी, तारीख आणि कुठल्या रायफलीसाठी, इतकं लिहिलेलं हवं. आणि इतकं लिहिलेलं असलं तरी घेऊ नये. बहुतेक रायफलींसोबत येणाऱ्या पुस्तिकेत रीलोड, म्हणजे पुन्हा भरलेली काडतुसं, वापरू नका असं बजावलेलं असतंच.

दुकानातलं काडतूस ‘सरासरी’ असतं, हे तुम्ही जरा नाक मुरडून लिहिलंय. अमेरिकेत सामी नावाची उद्योगसंस्था १९२६पासून काडतुसांची आणि चेंबरची मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवते. कारखाना त्या मर्यादेत काडतूस करतो, म्हणजे सुस्थितीतल्या कुठल्याही थर्टी-ऑट-सिक्समध्ये ते बसावं आणि चालावं. तुमच्याजवळ अनोळखी हातांतून आलेली वापरलेली रायफल आहे, तेव्हा ही सरासरी तुमच्या फायद्याची आहे. (ती रायफल गनस्मिथला दाखवलीत का? नसेल तर या आठवड्यात दाखवा. चेंबर तपासून घ्या, नळीचं तोंड बघून घ्या, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू घट्ट करून घ्या. निम्मे ‘खराब काडतुसां’चे किस्से त्या ढिल्या स्क्रूंपाशी संपतात.)

आता तो एक इंच. समजा दुकानातल्या काडतुसांनी तुमच्या रायफलीत गट दीड इंचाचा आला. २५० यार्डांवर तो पावणेचार इंचांचा होईल, शेजाऱ्यांचा अडीच इंचांचा. फरक सव्वा इंच. एल्कच्या फुप्फुसांची जागा फूटभराहून मोठी असते. तुमचा नेम चुकलाच तर तो त्या सव्वा इंचानं चुकणार नाही. धाप लागलेली असताना, अडनिड्या दगडावर कोपर टेकून, चाप ओढताना डोळे मिटल्यानं चुकेल. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून काढलेला गट काडतुसाची परीक्षा घेतो. नेमबाजाची परीक्षा व्हायची तर पिशव्या बाजूला ठेवाव्या लागतात.

म्हणूनच जास्त जोरदार काडतूस नवशिक्याला नडतं. थर्टी-ऑट-सिक्समधून १८० ग्रेनची साधी गोळीसुद्धा सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास वेगानं निघते, म्हणजे नळीच्या तोंडाशी २,९००च्या घरात फूट-पौंड ऊर्जा. कोलोराडोचा नियम १०० यार्डांवर १,००० मागतो, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि आदळल्यावर फुलणारी असावी म्हणतो. तुमच्या हातात आधीच गरजेहून खूप जास्त आहे. वर चिमूटभर दारू घातल्यानं एल्कला काही कळणार नाही. तुमच्या खांद्याला मात्र कळेल, आणि चौथ्या बारापासून खांदा तुमच्या बोटाला दचकायला शिकवायला लागेल.

मग निवडायचं काय? गोळी. काडतूस कुणी भरलं यापेक्षा पुढे गोळी कुठली बसवलीय हे शिकारीत जास्त महत्त्वाचं, आणि तुमच्या पत्रात तिचं वजन आहे, नाव नाही.

जॉन नोस्लर या गृहस्थांना १९४६मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस हे थोराड हरीण मारताना गोळ्यांनी दगा दिला. वेग इतका की जवळून मारलेली गोळी वरच्या चामड्यातच फुटून गेली, आत पोचलीच नाही. घरी येऊन त्यांनी अशी गोळी केली जिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत आहे. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत घुसत जातो. १९४८मध्ये ती पार्टिशन या नावानं विकायला आली. त्या काळी चांगली गोळी हवी असेल तर स्वतः भरण्यावाचून बऱ्याच जणांना गत्यंतर नव्हतं. तुमच्या शेजाऱ्यांची पिढी त्याच हवेत वाढली, म्हणून ‘दुकानातलं म्हणजे बेताचं’ हे त्यांच्या तोंडून आलं तर ते खोटं नव्हे, जुनं आहे. आज पार्टिशन भरलेली काडतुसं डबीबंद मिळतात. शिसं आणि वरचं कवच एकमेकांना सांधलेल्या बाँडेड गोळ्यांची मिळतात, निव्वळ तांब्याच्या गोळ्यांचीही मिळतात. शिकारीसाठी स्वतः भरण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं ते आता दुकानाच्या फळीवर येऊन बसलंय.

एक गोळी मात्र टाळा: मॅच, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची. कागदावर ती सगळ्यांत सुंदर गट देते आणि म्हणून हौशी भरणाऱ्यांची लाडकी असते. पण तिचं पातळ कवच हाडावर फुटून जाईल की न फुलता आरपार जाईल, याचा भरवसा नाही. आजोबांच्या डबीतली कुठली आहे ते विचारा, निदान कुतूहल म्हणून.

मुलीचा उल्लेख तुम्ही शेवटच्या ओळीत केलात, मी तो वर घेतो. शिशाची गोळी अंगात शिरली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात, काही डोळ्यांना दिसतही नाहीत. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंना वाटायच्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तो माल परत घ्यावा लागला. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी पातळी मानत नाहीत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे. तिथे मुख्य कारण काँडोर गिधाडांचं होतं, शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी ती खातात. कोलोराडोत अशी सक्ती नाही. तरी मी तुमच्या जागी असतो तर तांब्याची गोळी घेतली असती. ती अळंबीसारखी फुलते पण तुकडे होत नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. त्यामुळे १८०च्या हट्टाला पेटू नका, १६५ किंवा १६८ ग्रेनची घ्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक डबी आणा आणि तुमच्या रायफलीला कुठली रुचते ते बघा. डबीला ५०-६० डॉलर पडतील. रायफलींना खरंच आवडीनिवडी असतात, त्यामागचं शास्त्र विचारू नका.

जी रुचेल तिच्या आणखी तीन डब्या घ्या, एकाच लॉट नंबरच्या. दुर्बीण त्याच काडतुसावर जुळवा. शेजाऱ्यांच्या काडतुसावर जुळवून दुकानातली घेऊन जाणं, किंवा उलट, हे तर अजिबात नको. दोन्हींच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत. मग वीसेक बार टेबलावर आणि बाकीचे बसून, गुडघा टेकून, झाडाला टेकून. जेवणाची कागदी ताटली असते ना, नऊ इंची, ती लावा. पन्नास पावलं पळत जा, बसा, एकच बार. ज्या अंतरावर पाचपैकी पाच ताटलीत पडतात ते तुमचं अंतर. दीडशे यार्ड आलं तर दीडशे. शेजाऱ्यांना तीनशे जमत असेल, त्यांनी मारावं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: तुमचा व्हिसा. नऊ वर्षं म्हणजे ग्रीन कार्ड असेलही, नसेलही. आपले कितीतरी लोक वर्षानुवर्षं एच-१बीवरच असतात, म्हणून सगळ्यांसाठी सांगतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक जवळ बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. त्याला एक सूट अशी की तुमच्याकडे राज्यानं दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असावं. मुदत संपली की सूटही संपते. आणि हा कायदा बंदुकीइतकाच काडतुसालाही लागू आहे, म्हणजे शेजाऱ्यांनी प्रेमानं दिलेली डबीसुद्धा त्यात आली. दुकानातून बंदूक घेताना भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर हे विचारलेलं असणार. तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवा आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, मित्राच्या मित्राशी नको.

त्याच ओघात: शिकारीला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. तळाच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसावरून आपल्या विमानतळांवर माणसं शस्त्र कायद्याखाली अडकतात, आणि ‘लक्षातच नव्हतं’ हे न्यायालयात सिद्ध करेपर्यंत सुट्टी संपलेली असते. रिकामी पुंगळीही आठवण म्हणून नेऊ नका.

स्वतः भरायला शिकावं का? शिका. मी आनंदानं हो म्हणतो, मला त्यातून मिळालेलं सुख थोडं नाही. पण या हंगामासाठी नाही. अडीच महिन्यांत रायफल शिकायची, डोंगर चढायची तयारी करायची, त्यात हे तिसरं घुसवू नका. पैसे वाचतील म्हणूनही करू नका. काडतूस स्वस्त पडतं, मग माणूस तिप्पट उडवतो. टंचाईत उपयोगी पडेल असंही वाटतं लोकांना. २०२०-२१मध्ये काडतुसं गायब झाली तेव्हा सगळ्यांत आधी प्रायमरच मिळेनासे झाले, आणि आमचे प्रेस धूळ खात पडले. उपयोग कुठे होतो? एखादं जुनं, विस्मृतीत गेलेलं काडतूस असेल तिथे, किंवा घरातल्या नवख्या माणसासाठी हलक्या धक्क्याचं भरायचं असेल तिथे. किंवा निव्वळ आवड असेल तर.

सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडून एक पुंगळी दारूविनाच भरली गेली. फोन आला होता, तेवढ्यात हात पुढच्या पुंगळीवर गेला. रेंजवर ‘धाड’च्या ऐवजी ‘फुस्स’ झालं. नुसत्या प्रायमरनं गोळी नळीत थोडी सरकून अडकली होती. सवयीनं पुढचं काडतूस सारून चाप ओढला असता तर नळी फाटली असती. तेव्हापासून माझ्या खोलीत फोन नसतो, टेबलावर एका वेळी एकच दारू असते (बंदुकीची), आणि गोळी बसवण्याआधी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून विजेरीनं आत बघतो. सगळ्यांतली पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी विहीर आटलेली किंवा काठोकाठ भरलेली दिसली की ठोकळा पुन्हा पहिल्यापासून. हे काम स्वयंपाकघरात नको आणि मुलगी आसपास असताना नको. जळलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. काम झालं की हात साबणानं धुवा आणि कपडे वेगळे ठेवा.

राहता राहिली ती भीड. ती भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, इथे तर भिकेपेक्षा वाईट काही होऊ शकतं. पण मला वाटतं, आजोबांना वाईट वाटेल ही तुमचीच कल्पना आहे. जुन्या भरणाऱ्यांना हे पथ्य पाठ असतं. प्रेमापोटी विसरले असतील. डबी घेऊन त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा, ‘ही तुमच्या रायफलीची आहेत, तुमच्याकडेच राहू देत. माझ्या रायफलीसाठी कशी भरायची ते हंगाम संपल्यावर शिकवाल का?’ वर त्यांना रेंजवर सोबत बोलवा. त्यांच्याकडून घेण्यासारखं खूप आहे: वारा कसा बघायचा, कळपातली कुठली मादी सोडायची, २२५ किलोचं जनावर डोंगरावरून तुकड्यातुकड्यानं खाली कसं आणायचं. हे कुठल्याच डबीत मिळत नाही.

आणि रेंजवर उडवलेल्या त्या डब्यांच्या रिकाम्या पुंगळ्या फेकू नका. मोजून, त्याच डब्यांत परत ठेवा. तुमच्या चेंबरचं माप त्यांनी घेतलेलं असेल. जानेवारीत त्यांच्या गॅरेजमध्ये शिकायला जाताना त्याच घेऊन जा.